एका लोकाटासाठी चाकणपलीकडे

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी सातला आम्ही पिंपळे सौदागर सोडलं. विनायक, म्हणजे माझे यजमान, गाडी चालवत होते. मागच्या सीटवर घमेलं आणि जुनी चादर होती. आमच्या तळमजल्याच्या घरामागे एकाच झाडापुरती जागा आहे. तिथला शेवगा वादळात पडला, आणि आता तिथे लोकाटच लावायचं म्हणून मी हटून बसले होते.

लोकाट आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. जर्दाळूएवढं फळ, पातळ साल, आत गुळगुळीत तपकिरी बिया. वडिलांच्या नोकरीमुळे नऊ वर्षांची होईपर्यंत मी डेहराडूनला वाढले. तिथल्या अंगणात केशरी लोकाटाचं झाड होतं. तसलं गोड फळ मी पुन्हा कधी खाल्लं नाही.

मोशीला मिसळ खाल्ली. चाकणच्या चौकात कंटेनरच्या रांगेत पाऊण तास गेला. पुढे कंपन्यांची फाटकं संपली, कांद्याची शेतं लागली आणि आम्ही वाट चुकलो. गोठ्यातल्या एका बाईंनी हात करून सांगितलं, "लोकाटवाले बबनराव न्हवं? त्या टाकीच्या मागं."

बबनराव तीस वर्षं शिफ्ट करून निवृत्त झालेले. कंपनीतल्या एका उत्तरेकडच्या मित्राने रोपं आणून दिली, तेव्हापासून हा नाद लागला. परड्यात (घरामागच्या मोकळ्या जागेत) दोन मोठी झाडं होती. एकावर पिवळ्या फळांचे झुबके लटकलेले. दुसऱ्याची फळं अजून हिरवी, बोराएवढी.

"हे केशरी ना?" मी हिरव्याकडे धावलेच. पानाखालची मऊ लव हाताला लागली आणि मी नऊ वर्षांची झाले.

"व्हय. पर ताई, हे मी तुमाला देणार न्हाई."

मला वाटलं, थट्टा करताहेत. "का हो?"

"उशिरा येणारी जात हाय. फुलतं झ्याक, पर फळ भरायच्या टायमाला चैताचं ऊन. साल करपती, आतला गर सुकतो. थंड मुलखात जमतं, हितं न्हाई. दरसाल तुमी मला शिव्या घालाल. पिवळं घ्या, उन्हाच्या आधी पिकून मोकळं व्हतं."

त्यांनी पिवळं फळ सोलून हातावर ठेवलं. रसरशीत होतं, पण पहिल्याच घासाला माझा डोळा मिटला. आंबट! विनायकनी मात्र एकामागून एक सहा खाल्ली.

"बरं आहे की," ते म्हणाले.

"माझं हे नव्हे," मी म्हटलं. माझा आवाज जरा कापलाच असावा, कारण बबनरावांच्या पत्नी, कौसाबाई, भाकरी टाकायची सोडून बाहेर आल्या. त्यांनी मला ओसरीवर बसवलं आणि पिठलं-भाकरी वाढली. जेवताना मी त्या हिरव्या फळांकडे बघत होते. मागच्या साली वाळलेला एक काळा झुबका अजून तिथेच फांदीला चिकटलेला होता. जेवण झाल्यावर मी उठले आणि म्हणाले, "पिवळ्याचंच कलम द्या."

परतताना कलमाचा शेंडा खिडकीबाहेर राहिला. शेजारून जाणारा मोटारसायकलवाला ओरडला, "काकू, झाड आत घ्या, राव!" तोवर दोन पानं गेली होती.

घरी पोचल्यावर साताऱ्याला आईला फोन लावला. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. "आपल्या झाडासारखं नाही मिळालं गं," मी सांगितलं. "आंबट आहे."

"मग आपलं तरी कुठे गोड होतं?" आई हसली. "निम्मं झाड आंबट. बाबा रोज सकाळी फांद्या चाचपून पिकलेली तेवढी तुझ्यासाठी काढून ठेवायचे. उरलेली मी मीठ लावून खायचे."

बाहेर विनायक खड्ड्यात शेणखत टाकत होते. मी फोन घेऊनच तिकडे गेले आणि एका हाताने कलमाभोवतीची माती दाबली.

"फळ कधी धरणार?" आईने विचारलं.

"तीन वर्षांनी, असं म्हणतात."

"मग थांबते."

पहिला झुबका आला की गोड फळं निवडून साताऱ्याला न्यायची, आणि आंबट मी मीठ लावून खायची, एवढं मी ठरवून टाकलं आहे.