तापीबाईची तक्रार

माझ्या मधल्या जावेला, तापीबाईला, पंचायतीत घेतलं ते तिनं तोंड उघडू नये म्हणूनच. आता कोणी काहीही सांगो. कायद्यानं दोन बायका मेंबर हव्या होत्या आणि आमचे थोरले जेठ, म्हणजे नवऱ्यांचे मोठे भाऊ, पितांबरभाई सरपंच होते. त्यांनी एक जागा पार्वतीबाईला दिली, तिला धड ऐकू येत नव्हतं. दुसरी दिली आपल्याच भावजयीला. आमच्या गुजरांत जेठापुढे बाईनं लाज काढायची, म्हणजे पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि चकार शब्द बोलायचा नाही. सभेत ती भिंतीला टेकून बसायची. मग संध्याकाळी शिपाई उदेसिंग रजिस्टर घरी आणायचा आणि ती चुलीपाशीच सही ठोकायची. चौथी शिकलेली होती, पण वाचायला सांगतंय कोण? काय डोकं चालवलं होतं मेल्यांनी!

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी सरकारची एक सर्वे पार्टी उतरली. दोन महिने त्यांनी जमिनीत खोल भोकं पाडली. अणुबॉम्बाचा दगड शोधतात, असं शाळेतले मास्तर सांगायचे. पार्टी गेली आणि चाळीस पिंपं मागे राहिली, आत त्या भोकांमधला गाळ. पिंपांवर लाल रंगात कवटी काढलेली. वरून चिठ्ठी आली की पिंपं पंचायतीनं सांभाळावीत, तर आमच्या शहाण्यांनी ती कुठे ठेवावीत? आमच्या गल्लीच्या विहिरीला लागून जो पडका मांडव होता, तिथे! अर्ध्या गावाचं पाणी खारं, गोडी एवढ्या एकाच विहिरीला.

पावसाळ्यात पिंपं गंजली. पिवळं पाणी ओघळून विहिरीच्या कठड्यापर्यंत आलं. बायकांनी तिथं पाणी भरायचं सोडलं आणि डोक्यावर हंडे घेऊन तापी नदीवर जायला लागल्या, जाऊन-येऊन दीड कोस. माना मोडून आल्या आमच्या. सगळ्याजणी तापीबाईला टोचायच्या, "मेंबर शे ना तू? मंग बोल ना!"

ती बोलणार कशी? तिनं नवऱ्याच्या, गिरधरभाईंच्या, तोंडून निरोप पाठवला. थोरल्यांनी उत्तर पाठवलं, "अर्ज धाडलाय." अर्जाला तालुक्याहून उत्तर आलं, काळजीचं कारण नाही. आम्ही पुन्हा ओरडलो तेव्हा एक साहेब जीपमधून आला. पिंपांकडे त्यानं लांबूनच बघितलं आणि थोरल्यांच्या ओट्यावर येऊन चहाला बसला. तापीबाईनं उदेसिंगच्या हाती तांब्या पाठवला आणि सांगायला लावलं, साहेब, त्याच विहिरीचं पाणी आहे. साहेबानं पुढे केलेला हात मागे घेतला. म्हणे, आत्ता तहान नाही. एवढा घामानं निथळत होता, आणि तहान नाही!

महिन्याची सभा भरली. दाराशी आम्ही चार बायका उभ्या होतो. थोरल्यांनी लिहायला सांगितलं, "पिंपांबाबत कोणाही मेंबराची तक्रार नाही."

"मन्ही तक्रार शे," भिंतीकडून आवाज आला. "लिखा."

पदर हनुवटीपर्यंत तसाच. पण आवाज खणखणीत. थोरले ताडकन उठले, चेहरा असा झाला, जसं कोणी भर चौकात पागोटं उडवलं. ते बाहेर निघून गेले. शेवटी उपसरपंच म्हणाले, ठीक आहे, पिंपं हलवू. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! गल्लीत नारळ फुटला. संध्याकाळी उदेसिंग रजिस्टर घेऊन आला. तापीबाईनं हसत हसत, नेहमीपेक्षा मोठी सही केली.

आठ दिवसांत मांडव रिकामा झाला. विहीर उपसली, दोनदा. आम्ही पुन्हा पाणी भरायला लागलो.

मग एका सकाळी आमच्या शेतावर सालानं राबणारा सालदार उखा अंगणात येऊन उभा राहिला. भिल्ल माणूस, गावापासून कोसभर लांब नाल्याकाठच्या वस्तीत राहायचा. आत येईना, बसेना. म्हणाला, "बाई, पिंपं आम्हना नालावर टाकी दिनात."

तापीबाई तशीच उठून पंचायतीत गेली. उदेसिंगकडून रजिस्टर मागून घेतलं आणि उभ्यानं वाचलं. सदस्या तापीबाई यांच्या तक्रारीवरून सर्व पिंपं भिल्लवस्तीजवळच्या पडीक जागेत हलवावीत. खाली तिची सही. ती घरी आली. "मन्हा नावनी टाकं वं त्यास्नी," एवढंच म्हणाली.

पुढच्या सभेच्या दिवशी ती घरोघर फिरली. बोलू नका, नुसत्या दाराशी येऊन उभ्या राहा, असं सांगत. एकीला पापड लाटायचे होते, एकीची म्हैस व्यायला झाली होती. ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, "तापीबाई, आपलं पाणी साफ झालं ना? आता कशाला उकरून काढता? थोरले आधीच रागावलेत."

"उखानी पोरं काय पेतंस मंग?" तिनं विचारलं.

मी भांडी घासत राहिले.

ती एकटीच गेली. उदेसिंगनं नंतर सांगितलं ते असं, की ती जेठापुढे दुसऱ्यांदा बोलली आणि या वेळी कोणी उठून गेलं नाही. थोरल्यांनी शांतपणे विचारलं, वस्तीतला कोणी मेंबर आहे का? नाही. दाराशी कोणी तक्रार घेऊन आलंय का? सगळ्यांनी दाराकडे बघितलं. मग विषय संपला आणि पुढचा निघाला.

पंचायतीला मी आजही शिव्या देते, त्या साहेबाला देते, जेठांना तर देतेच. पण त्या दिवशी दार रिकामं होतं ते पंचायतीमुळे नाही. मी गेले असते तर पिंपं हललीच असती, असं मी म्हणत नाही. तापीबाई घरी आली आणि त्याच गोड विहिरीचं पाणी मी तिच्यापुढे ठेवलं, तर तिनं ते घेतलं नाही.