मोठा आवाज

शाळेत शिर्के सर मला उभं करून म्हणत, "मोठ्यानं बोल!" त्यांच्यामुळेच आज मी चंदीगडच्या इस्पितळात रुग्णांना उपचार समजावून सांगतो.

जवळच्या मुल्लानपूरचे एक सरदारजी प्रोस्टेट कॅन्सरच्या इंजेक्शनसाठी सुनेसोबत येत. ऐन थंडीत घाम पुसत त्यांनी कारण विचारलं. मी भरल्या रांगेत खणखणीत सांगितलं, "तुमची गाठ पुरुषी हार्मोनवर वाढते. इंजेक्शननं तोच बंद केलाय, म्हणून घाम येतो."

सून खाली बघू लागली. पगडी चाचपत ते म्हणाले, "बेटा जी, मैंने तो धीरे पूछा था।"

पुढच्या इंजेक्शनला ते आले नाहीत. इंजेक्शन चुकत राहिलं तर गाठ पुन्हा वाढेल.

मी सरांना लिहिलं, "सर, तुम्ही दिलेल्या आवाजानं मी एका रुग्णाला परतवून लावलं. उद्या त्यांच्या घरी जातोय. तिथे हळू बोलेन."