सायलेन्सरच्या आतली जाळी

ईशान, रेवा — हे मी मागच्या महिन्यापर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. तुमच्या आजोबांनाही नाही, आणि ते तर माझ्या चेहऱ्यावरून ओळखायचे की आज भाजीत मीठ विसरलंय. हे मात्र त्यांना ओळखता आलं नाही. की आलं होतं? माणूस गेल्यावर असल्या शंका फार त्रास देतात.

तुम्ही लहान असल्यापासून तुमचे बाबा तुम्हाला एक गोष्ट सांगत आलेत. मी फोनवर ऐकली आहे, तुम्ही जेवायला बसलेले असताना. जवळच्या मित्रासोबत धंदा करू नये, कारण काशिनाथकाकानं आपलं डिझाइन विकलं. मग छोटी रेवा विचारायची, "तो बॅड माणूस होता?" आणि मंदार म्हणायचा, "बॅड नाही गं, लोभी." त्या वेळी मी इकडे काय करायचे, ते सांगू? गप्प बसायचे. फोन कानाला लावून गप्प.

तर ही गोष्ट नीट सांगते. नीटपणा हा माझा गुण आहे असं मी जन्मभर समजत आले. शाळेत इंग्रजी शिकवलं, वह्या तपासल्या, आणि घरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली. चिठ्ठी असलेली वस्तू ठेवायची, नसलेली टाकायची. आमच्या नवीन पनवेलच्या घरात हा कायदाच होता. तुमचे आजोबा त्याला माझं सरकार म्हणायचे.

तुमचा जन्म व्हायच्या आधीची ती वर्षं. खारघर, कामोठे भराभर वाढत होतं, आणि दर दुसऱ्या पोराच्या बुडाखाली मोटरसायकल होती. मंदारला त्या गाड्यांचं वेड. त्यातही सायलेन्सरचं. मला आधी वाटायचं, सायलेन्सर म्हणजे धूर जायची नळी. मंदारनं जेवणाच्या टेबलावर एक कापून उघडा करून दाखवला, तेव्हा कळलं की खरी करामत आत असते. आत भोकं पाडलेल्या पत्र्याच्या गोल चकत्या असतात, एकामागे एक. धूर त्यांतून वाट काढत जातो, आणि भोकं कुठे, किती मोठी, यावर आवाज ठरतो. त्याला कानठळ्या बसवणारा आवाज नको होता. जाड, खोल, लांबून ओळखू येणारा हवा होता. त्या भोकांची रचना त्यानं किती वेळा बदलली असेल! शेवटी जमली ती फुलाच्या पाकळ्यांसारखी होती, मध्यावरून तिरकी फिरत जाणारी.

काशिनाथ त्याचा भागीदार. सुकापूरचा. त्यांच्या शेताच्या कडेला वडिलांनी शेड बांधून दिली होती, तोच त्यांचा कारखाना. मंदार सायलेन्सर करायचा. काशिनाथ फायबरचे भाग — टाकीची कव्हरं, बाजूची पॅनेलं, मागची शेपटी. त्याला रंगांची भारी हौस. अंगावरही तीच हौस. गळ्यात सोन्याची साखळी, डोळ्यांवर गॉगल, आणि घरात शिरल्या शिरल्या, "काकी, च्या टाका. तुमचा विंग्रजी पेपर काय म्हनतो? आमचं नाव आलंय का नाय?" मी हसायचे. पण आतून — आता खरं सांगायलाच बसले आहे तर — आतून मला तो कधीच पसंत नव्हता. जमिनीचा पैसा, मोठा आवाज, पायातले बूट दारात कसेही टाकलेले. मी ते जोडीनं लावून ठेवायचे. माझा संशय तिथेच सुरू झाला असेल का? बुटांपाशी?

दिवाळीच्या सुमारास मंदारला कामोठ्यातल्या एका दुकानात सायलेन्सर दिसला. बाहेरून त्यांच्यासारखा. तसं होतंच, लोक नक्कल करतात. पण त्यानं तो विकत घेऊन घरी आणला, ग्राइंडरनं कापला, आणि आत तीच जाळी. त्याच तिरक्या पाकळ्या. ही जाळी बसवलेला त्यांचा सायलेन्सर तर अजून बाजारात आलाही नव्हता. आतली रचना दोघांनाच माहीत होती. मंदारला आणि काशिनाथला.

मंदार माझ्याकडे आला. म्हणाला, "आई, माळ्यावर माझे पुठ्ठ्याचे फर्मे आहेत ना, जागेवर?" फर्मा म्हणजे पुठ्ठ्यावर कापलेला नमुना, तो पत्र्यावर ठेवून पत्रा कापायचा. मी म्हटलं, "आहेत." वर चढून पाहिलं नाही. माझ्या घरातली वस्तू जागेवर असणारच, पाहायचं काय?

मग मी काशिनाथवर नजर ठेवू लागले. हो, नजरच. तो फोनवर बोलताना मी स्वयंपाकघरातून कान द्यायचे. मी बाहेर आले की तो फोन ठेवायचा — का ठेवायचा? त्यानं नवी गाडी घेतली — कशातून? चहाला येणं कमी केलं — तोंड दाखवायची लाज? मंदार त्याच्याशी तुटक बोलू लागला होता, म्हणून तो येत नसेल, हे मला सुचलंच नाही. संशयाची एक गंमत असते. समोरचा हसला तरी पुरावा, गप्प बसला तरी पुरावा.

एकदा पनवेलच्या बाजारात तो एका अनोळखी माणसाबरोबर चहा पिताना दिसला. मी घरी येऊन मंदारला सांगितलं, "तो कामोठ्याच्या दुकानदाराशी बोलत होता."

मला तो माणूस कोण, हे माहीत नव्हतं. कामोठ्याचा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. पण वाक्य तोंडातून असं सहज निघालं, की मलाच ते खरं वाटलं. यालाच खोटं म्हणतात ना? शाळेत मुलांना यापेक्षा कमी गोष्टींसाठी मी बाकावर उभं केलं आहे.

तरी इथवर मी एका खोट्या समजुतीत होते. यापुढे नव्हते.

संक्रांतीनंतर खालच्या मजल्यावरच्या सुलभाताईंकडे हळदीकुंकवाला गेले. त्यांच्याकडे गणपतीचं मखर दरवर्षी घरी बनतं. थर्माकोल त्यांना चालत नाही, म्हणून भाद्रपदात त्या जाड पुठ्ठा मागायला आल्या होत्या. मंदार तेव्हा पुण्याला गाड्यांचे भाग दाखवायला गेला होता. मी माळ्यावर चढले. पुठ्ठ्याचे दोन गठ्ठे होते. एकावर मंदारच्या अक्षरात चिठ्ठी, दुसऱ्यावर काहीच नाही. चिठ्ठी नाही म्हणजे टाकाऊ. तो मी दिला. त्यात पंख्यासारखे अर्धगोल तुकडे होते आणि भोकांच्या सुरेख गोल चकत्या. दर्शनाला गेले तेव्हा त्या पंख्यांची मूर्तीमागे प्रभावळ झाली होती, चकत्यांना सोनेरी रंग दिला होता, मागे दिवे लावले होते. भोकांतून उजेड येत होता. मी स्वतः म्हटलं होतं, "किती छान!"

आणि हळदीकुंकवाला, माझ्या हातावर तिळगूळ ठेवत सुलभाताई म्हणाल्या, "अहो, तुमचा पुठ्ठा फार भाग्याचा निघाला हं! विसर्जनानंतर मखर माझ्या भावानं मागूनच नेलं. म्हणाला, ताई, ही जाळी मला दे. कामोठ्यात मोटरसायकलच्या सामानाचं दुकान आहे ना त्याचं."

मी काय केलं? "हो का?" म्हणाले. वाण घेतलं. जिना चढून घरी आले, दार लावलं आणि स्टुलावर चढून माळा पाहिला. चिठ्ठीवाला गठ्ठा होता. त्यात नुसते जुने, रद्द केलेले नमुने. खरे फर्मे त्या बिनचिठ्ठीच्या गठ्ठ्यात होते, आणि त्याच्या जागी रिकामी जागा.

मग मी जे केलं, ते लिहायला हात धजत नाही — लिहिते. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, सुतळीनं बांधला, आणि त्या रिकाम्या जागी ठेवला. मंदारनं खालून मान वर करून पाहिलं तर गठ्ठा दिसावा म्हणून. माझं सरकार चुकत नाही, हे टिकावं म्हणून. इतकंच कारण. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी काशिनाथ आला. दुपारची वेळ. बसला नाही. गॉगल हातात होता. मंदारकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "काकी, तुमी मास्तरीन. तुमीच सांगा. तो मानूस कामोठ्याचा व्हता, हे तुमाला कोनी सांगितलं? तो मोरा बंदरावरचा माजा मावसभाव. होडीवर असतो. बोलवू का त्याला हितं?"

मंदार माझ्याकडे बघत होता. त्याला हवं होतं, मी काहीतरी बोलावं. आता तर मला वाटतं, त्याला हवं होतं की मी "चुकलं माझं" म्हणावं. दोघं शाळेपासूनचे मित्र. एका वाक्याचं काम होतं. माळा डोक्यावर होता.

मी म्हणाले, "मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं."

काशिनाथनं हातातला गॉगल डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "बरं." मंदारनं शेडची किल्ली काढून टेबलावर ठेवली. ती घेऊन काशिनाथ गेला. त्या दिवशी त्याचे बूट दारात सरळ लावलेले होते की नाही, हे मी पाहिलं नाही.

कारखाना बंद झाला. मंदारनं यंत्रं विकली, परदेशात नोकरी धरली, तिकडे गेला. पुढे तुम्ही झालात. मी सगळ्यांना सांगत राहिले की पोराचं भलंच झालं. मधल्या वर्षांत काशिनाथ कधी भाजी मार्केटात भेटायचा. नमस्कार करायचा, तुमची चौकशी करायचा. मी त्या चौकशीतही वास घ्यायचे. याला कळलं आहे का? सुलभाताई काही बोलल्या का? हा इतका गोड का बोलतोय? चोरी माझी, आणि पहारा मी त्याच्यावर ठेवायचे.

मागच्या महिन्यात मी रिक्षा करून सुकापूरला गेले. त्याच्या शेतावर आता इमारत आहे. तळमजल्यावर तो राहतो. केस पिकलेत, साखळी तीच. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पुठ्ठा, मखर, सुलभाताईंचा भाऊ, आणि तो रविवार.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "बापूस गेला, काकी. मरेपरेंत मना बोलला — दोस्ताच्या घरचं खाल्लंस नि त्यालाच विकलास. त्याला आता कोन सांगनार?"

मग त्यानंच विचारलं,

"मंद्याला सांगितलंव?"

"नाही अजून."

"मंग पयलं मना कशाला सांगताव?" आणि तो आत गेला. त्यानं चहा विचारला नाही. त्याची सून मला फाटकापर्यंत सोडायला आली. तिला ठाऊक नव्हतं, मी कोण ते.

त्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी परतताना शोधलं. मंदारला सांगणं अवघड होतं आणि काशिनाथला सोपं, म्हणून. त्याच्यापुढे मी कधी लाजलेच नव्हते.

तुमच्या बाबाला हे सगळं मी कालच लिहून पाठवलं. त्याचा फोन आलेला नाही. तुम्ही आता मोठे आहात, आणि तुम्हाला जेवताना सांगितलेली ती गोष्ट खोटी आहे. काशिनाथनं काहीही विकलं नाही. फर्मे मी दिले. आणि तो माझ्यासमोर उभा राहून विचारत होता, तेव्हा हे मला माहीत होतं.