थँक यू, ड्रायव्हर!

लिस्बनला चार दिवस मैत्रिणीकडे गेले होते. पुण्याची, कॉलेजपासूनची मैत्रीण. पहिल्याच संध्याकाळी तिनं विचारलं, "न्यूझीलंडला इतकी वर्षं राहिलीस, पण तिथं आपलं वाटतं का गं?" मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी शहर बघायला आम्ही जुन्या पिवळ्या ट्रॅममध्ये चढलो. समोर सत्तरीच्या एक गोऱ्या बाई उभ्या होत्या. बोचऱ्या थंडीत पायात जँडल्स, म्हणजे चक्क रबरी स्लिपर! चढावर ट्रॅम हिसके देत होती, पण बाई दांडा न धरता खुशाल खिडकीबाहेर बघत होत्या. कुणी जागा देऊ केली की नुसत्या हसायच्या.

किल्ल्यापाशी मागचं दार उघडलं. उतरता उतरता मी सवयीनं ओरडले, "थँक यू, ड्रायव्हर!" न्यूझीलंडमध्ये बसमधून उतरताना सगळेच ओरडतात. नेमक्या त्याच क्षणी, हात उंच करून, त्या बाईही ओरडल्या. अख्खी ट्रॅम वळून बघायला लागली. मैत्रिणीनं कपाळाला हात लावला.

बाई फुटपाथवर माझ्यासाठी थांबल्या.

"मी वेलिंग्टनची. तू?"

"पापाकुराची."

"वाटलंच! आपलं माणूस उतरताना बरोबर कळतं."

मूळची कुठली, हे त्यांनी विचारलंच नाही. माझा खांदा थोपटला आणि स्लिपर फटफटवत चढाला लागल्या.

"ओळखीच्या होत्या का गं?" मैत्रिणीनं विचारलं.

"आमच्या गावच्या," मी म्हटलं.