भाऊजींचा जागा कॅमेरा

बिघडलेली वस्तू टाकून द्यायची नसते, तिच्या कलाने घ्यायचे असते, असे मानणारा अख्ख्या वऱ्हाडात एकच माणूस होता आणि तो नेमका माझ्या नणंदेच्या, ताईंच्या वाट्याला आला. दर्यापूरला भाऊजींचे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान. कापसाची ती वाईट वर्षे. नवीन घेणारे कोणी नव्हते, त्यामुळे साऱ्या तालुक्याचे अर्धमेले माऊस, प्रिंटर, पेनड्राइव्ह त्यांच्याकडे येत. भाऊजी त्यांची पाहुण्यांसारखी विचारपूस करीत. एक माऊस फक्त कॉम्प्युटरच्या मागच्याच खाचेत चाले. त्याला ते ‘जावई’ म्हणत. सर्वांत लाडका घरचा यूएसबी कॅमेरा, पुण्यातल्या मुलीशी बोलण्यासाठीचा. काम नसले की कॉम्प्युटर वीज वाचवायला जोडलेल्या वस्तूंना झोपवतो. हा कॅमेरा झोपला की उठतच नसे, वर कॉम्प्युटरलाही अडकवून ठेवी. माझ्या घरात असली वस्तू आठवडाभर टिकली नसती. भाऊजींनी सेटिंगमध्ये जाऊन त्या एकट्याची झोपच बंद केली. “हे झोपलं का उठत नाई, वहिनी. मंग याले झोपू काहून द्याचं?” तेव्हापासून त्याचा हिरवा दिवा अखंड जळे. सारखे बघत राहतो मेला, म्हणून ताई त्याला नातवाचे टोपडे घालून ठेवत.

त्या दिवाळीनंतर मजूर परवडेनात, म्हणून ताई स्वतः कापूस वेचायला गेल्या आणि भरदुपारी त्यांना साप चावला. अमरावतीला निघालेल्या जीपमध्ये मी पुढे बसले होते, ती दोघे मागे. साप चावलेल्याला झोपू द्यायचे नाही, हे आमच्याकडे लहान मूलही जाणते. भाऊजी त्यांचे गाल थोपटत होते, चिमटे काढत होते.

“झोपू नको वो. बोल माह्यासंगं.”

“एरवी तं म्हन्ता, चूप बस,” ताई म्हणाल्या. जरा वेळाने म्हणाल्या, “झोपू द्या न थोडं.”

भाऊजींनी झोपू दिले नाही. दवाखान्याच्या दारापर्यंत त्यांना जागे ठेवले. पुढे ताईंनाच जमले नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेचा काही संबंध नव्हता. विष फार पसरले होते.

वर्षभराने मी दर्यापूरला गेले तेव्हा दुकान तसेच होते. जावई आपल्या खाचेत होता. घरी कॅमेऱ्याचा दिवा मात्र विझलेला. मी विचारले.

“झोपू देलं त्याले,” भाऊजी म्हणाले. बराच वेळ टोपड्याची नाडी बोटाला गुंडाळत राहिले. “तिनं झोप मांगितली तवा द्याले पायजे होती, वहिनी.”

मी कॅमेरा पुसला, टोपडे नीट घातले आणि होता तिथेच ठेवला.