वर येऊन सांग

कोतवाल हे त्याचं आडनाव नाही. कारखान्यातल्या लोकांनी त्याला दिलेलं ते नाव, आणि ते त्यानं स्वतःच्या कर्मानं मिळवलेलं. मी खाली टेलिफोनवर बसते, त्यामुळे त्याच्या नावाच्या शिव्या आधी माझ्या कानावरून जातात. नेटवर्क बंद पडलं की लोक मला जाब विचारतात, जशी काही मीच दातांनी वायर तोडली.

हा बसायचा तिसऱ्या मजल्यावर, गार खोलीत, स्विचच्या कपाटासमोर. कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या आणि फोनच्या वायरी त्या स्विचमध्ये येऊन मिळतात. माणूस कामाचा, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. जमायचं फक्त स्टोअरच्या बापूंशी. दोघं बरोबरच नोकरीला लागले, एका डब्यात जेवले. कोतवालाच्या लग्नात त्याचे वडील रुसून बसले, तेव्हा बापूच त्यांची समजूत घालून त्यांना मांडवात घेऊन आले होते. ते नसते तर लग्न वडिलांशिवायच लागायचं, हे कोतवाल स्वतःच सांगायचा.

बिघडलं ते एका वायरीवरून. बापूंना टेबलामागे वायरीचं एक सुटं टोक लोंबताना दिसलं. माणूस टापटिपीचा, त्यांनी ते भिंतीवरच्या नेटवर्कच्या रिकाम्या सॉकेटमध्ये खोचून टाकलं. त्याच वायरीचं दुसरं टोक शेजारच्याच सॉकेटमध्ये होतं. झालं! स्विचमधून निघालेला निरोप गोल फिरून पुन्हा स्विचमध्येच यायला लागला, एकाचे हजार झाले आणि सगळा कारखाना ठप्प. मोठ्या साहेबांनी कोतवालाला सगळ्यांदेखत झापलं. लूप प्रोटेक्शनची, म्हणजे असला गोल फेरा तोडायची सोय स्विचमध्ये आहे, मग ती लावली का नव्हती? चूक ह्याचीच होती. पण राग निघाला बापूंवर. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी तो ती सोय लावत होता तेव्हा मी माझ्या फोनची तक्रार घेऊन वरच गेले होते. त्यानं मला समजावून सांगितलं. स्विच म्हणे प्रत्येक पोर्टमधून, म्हणजे वायर खोचायच्या भोकातून, स्वतःची एक चिठ्ठी बाहेर पाठवतो. तीच चिठ्ठी फिरून त्याच्याकडे परत आली की तो ओळखतो, वायर गोल फिरलीय, आणि तेवढा एक पोर्ट बंद करतो. बाकी कारखाना चालू. मग तो बंद पोर्ट काही मिनिटांनी आपोआप उघडायचा, की माणसानं उघडेपर्यंत बंदच ठेवायचा, हे आपण ठरवायचं असतं. कोतवालानं बंदच ठेवायचं ठरवलं.

"ज्यानं केलं त्यानं वर येऊन सांगावं. मग उघडीन," तो म्हणाला.

लिफ्ट फक्त मालाची. त्यामुळे हिशेबवाले, डिझाइनवाले, सगळे तीन जिने चढून त्याच्यापुढे माना खाली घालून उभे राहायला लागले. हा वर बसून उंटावरून शेळ्या हाकणार. कोतवाल हे नाव तेव्हाच पडलं.

बापू निवृत्त व्हायच्या आठवड्यात हमालांनी स्टोअरमधली टेबलं हलवली. कुणीतरी परत तोच घोटाळा केला. पोर्ट बंद. कॉम्प्युटर गेला, फोनही त्याच वायरीवर, तोही गेला. बापूंना तर बिचाऱ्यांना काय झालंय हेसुद्धा कळलं नव्हतं. त्यांनी हमालाबरोबर निरोप धाडला. कोतवालानं हमालाला ती वायर काढायला लावली, पण पोर्ट उघडला नाही. उलटा निरोप पाठवला, त्याला स्वतःला यायला सांग.

मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, माणूस चाललाय, त्याला नव्या माणसाच्या ताब्यात स्टोअर द्यायचंय, उघड की मेल्या! तर म्हणाला, "येऊ दे ना. एकदा म्हणू दे, चुकलं बाबा माझं. मग मीच त्याला मिठी मारतो." साहेबांनी झापलं त्या दिवसापासून त्याला तेवढा एक शब्द हवा होता. रोज जेवायच्या सुट्टीत दाराकडे डोळे लावून बसायचा आणि डबा तसाच घरी न्यायचा. पण स्वतः खाली उतरेल तर शपथ.

बापूंनी सगळ्या मालाची यादी हातानं लिहून काढली. शेवटच्या दिवशी निरोप समारंभाची खुर्ची मांडायच्या आतच किल्ल्या माझ्याकडे दिल्या, माझ्या लेकीची चौकशी केली आणि निघून गेले.

कोतवालाला कळलं तेव्हा त्यानं पोर्ट उघडला. शिंकायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मग स्टोअरला फोन लावला आणि रिकाम्या खोलीत तो वाजू दिला. त्यानंतर त्यानं सगळ्या स्विचचे बंद पोर्ट आपोआप उघडतील असं करून टाकलं. बैल गेला आणि झोपा केला.

पुढे बापूंच्या घरी जायचं म्हणाला, पण एकट्याचा धीर होईना, म्हणून मला बरोबर नेलं. दार वहिनींनी उघडलं. बापू खुर्चीत, पाय स्टुलावर, गुडघ्याला जाडजूड पट्टी. ऑपरेशन झालेलं. गुडघा कधीचाच गेला होता म्हणे, पण शेवटचे दिवस कुणी घरी बसवू नये म्हणून त्यांनी कारखान्यात कुणालाच पत्ता लागू दिला नव्हता.

"अरे वा, या, बसा. एवढ्या लांब कशाला त्रास घेतलात?" हे कोतवालाला, ज्याला इतकी वर्षं अरे-तुरे केलं त्याला!

थोडा वेळ उन्हाचं, बसच्या गर्दीचं बोलणं झालं. मग कोतवालाला राहवेना. "बापू, मी रोज वाट बघत होतो रे. एकदा वर आला असतास तर..."

"आलो होतो की," बापू म्हणाले. आवाजात राग नाही, काही नाही. "दुसऱ्या मजल्यापर्यंत आलो. पुढे पाय उचलेना, म्हणून पायरीवर बसलो. तुमचा आवाज येत होता वरून, हसत होतात कुणाशी तरी. हाक मारावीशी वाटली. मग म्हटलं, जाऊ दे, कामात असाल."

 

बापूंनी आत तोंड करून वहिनींना सांगितलं, "अगं, पाहुण्यांसाठी चहा टाक."

ज्या घरात तो सरळ स्वयंपाकघरात शिरून डबे उघडायचा, त्या घरात कोतवालानं तो चहा बाहेरच्या खोलीत, मान खाली घालून प्यायला.