पाच किलोचा दाब

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गाळ्यात शिरलं की माणसाच्या आधी वास भेटायचा. सोल्युशनचा, म्हणजे बुटाला सोल चिकटवायच्या गोंदाचा. नव्या माणसाचं डोकं दोन दिवस भणभणायचं. तिसऱ्या दिवसापासून त्याला वास येईनासा व्हायचा आणि त्याच्या घरच्यांना यायला लागायचा. शकुचा नवरा म्हणायचा, "तुझ्या केसांना बुटाचा वास येतो." शकु म्हणायची, "मग बुटाशी लग्न केलंय समज."

त्या गाळ्यात ती सव्वीस वर्षं टिकली. पहिली चार ब्रशवर, म्हणजे सोल्युशन लावायला, आणि पुढची बावीस प्रेसवर, म्हणजे सोल दाबून बसवायच्या यंत्रावर. आता गाळा रिकामा होत होता. जुने मालक, शरच्चंद्र शेठ, जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्या मुलानं, देवेशनं, भिवंडीला मोठी जागा घेतली होती आणि तिथं नवं यंत्र बसवलं होतं. त्यात एका बाजूनं बूट जातो आणि दुसऱ्या बाजूनं सोल बसून बाहेर येतो. "मावशी, तुम्ही पण चला तिकडे," असं देवेश म्हणाला होता. पण चारकोपहून भिवंडीला रोज जाणं म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही.

तर त्या आवराआवरीच्या दिवसांत, एका सोमवारी, शकुच्या मोबाइलवर अनोळखी नंबर आला.

"काय गो शकु, ओळखलंस मा?"

बावीस वर्षांनी ऐकलेला आवाज, पण तो न ओळखायला शकु बहिरी थोडीच होती. प्रेसवर तिच्या आधी असलेला दत्ताराम. त्यानंच तिला काम शिकवलेलं.

"दत्तादादा?"

"देवेशकडून नंबर घेतला. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी गावाक जातंय. कायमचो. खोली विकली. म्हटलं, जुन्या माणसांना भेटून घ्यावं. रविवारी बोरिवलीला ये. तुझी जानकीवहिनी पण आठवण काढते."

"येते," शकु म्हणाली आणि फोन ठेवल्यावर पाच मिनिटं तशीच उभी राहिली. जायचं म्हणजे नुसतं भेटायला जाता येणार नव्हतं. दत्तारामला एक गोष्ट सांगायची राहिली होती. बावीस वर्षं राहिली होती, आणि शुक्रवारी तो गाडीत बसला की कायमची राहणार होती.

गाळ्यातले ते जुने दिवस आठवले की शकुला आजही बरं वाटतं. नऊ माणसं होती. खिडकीत रेडिओ. दुपारी खोक्यांवर खोकी रचून टेबल करायचं आणि सगळ्यांचे डबे एकत्र उघडायचे. दत्तारामच्या डब्यात सुकट असली की ब्रशवाली सपना म्हणायची, "दादा, आज वासात तुमचा पहिला नंबर." दसऱ्याला प्रेसला झेंडूचा हार. शकुच्या घरी विहारात जायचं असायचं, म्हणून शेठ तिला पेढा हातावर ठेवून अर्ध्या दिवसानं सोडायचे. "तू तुझ्या विजयादशमीला जा, आम्ही आमची करतो," असं म्हणून हसायचे.

आणि ती प्रेस. छातीइतक्या उंचीचं हिरवं लोखंडी यंत्र. फर्म्यावर, म्हणजे प्लास्टिकच्या पायावर, चढवलेला बूट तिच्या पोटात ठेवायचा, दांडी ओढून झाकण लावायचं. कॉम्प्रेसरची हवा शिरली की आतली रबरी गादी फुगायची आणि सोलला चारी बाजूंनी आवळायची. मीटरचा काटा पाच किलोवर न्यायचा, मनात बारापर्यंत मोजायचं, हवा सोडायची. फुस्स. दत्ताराम हे करताना कुणाशी बोलायचा नाही. एरवी अखंड बडबड, पण काटा वर चढताना तोंड मिटलेलं.

शकुला त्यानं पहिली गोष्ट शिकवली ती सोल्युशन ओळखायची. "लावलं की लगेच चिकटवायचं नाय. सुकू दे. पण किती? घड्याळात बघू नको. मे महिन्यात दहा मिनिटं पुरतात, पावसाळ्यात वीसनंही भागत नाय. बोट लाव. बोटाचं पोट नाय गो, पाठ लाव. पोटाला भाकऱ्या थापून घट्टे पडलेत तुझ्या, त्याला काय कळतंय? पाठ लावून उचल. तार सुटली की ओलं. तार न सुटता नुसतं धरल्यासारखं झालं की तयार."

शकु ते इतकं चटकन शिकली की वर्षभरात दत्तारामनं तिच्या मालाला स्वतः बोट लावणं बंद केलं. बाकी बायकांचा ट्रे आला की तपासायचा. शकुचा आला की फक्त विचारायचा, "झालंय?" ती म्हणायची, "झालंय." आणि तो दाबायला घ्यायचा. सपना यावरून टोमणे मारायची. शकुला आतून फार बरं वाटायचं.

आणखी एक रीत होती त्या गाळ्यात. दाबणारा माणूस प्रत्येक बुटाच्या जिभेमागे पेनानं आपली खूण करायचा. दत्तारामची खूण म्हणजे बारका द. माल परत आला तर कुणी दाबला ते कळावं म्हणून. ब्रशवाल्या बायकांची खूण नसायची. त्यांचं काम सोल आणि चामडं यांच्यामध्ये कायमचं मिटून जायचं.

तो जुलै होता. शाळेच्या काळ्या बुटांची घाईची ऑर्डर. शकुची श्रुतिका तीन वर्षांची होती, शेजारणीकडे ठेवलेली. दुपारी तीनला गाळ्यातला फोन वाजला. दत्तारामनंच उचलला आणि शकुला हाक मारली. शेजारीण म्हणत होती, पोरीचं अंग तापलंय, डोळे फिरवतेय, लवकर ये.

ज्या बाईनं हा फोन कधी घेतलाय तिला पुढचं सांगायला नको. हात ब्रश फिरवत होते आणि डोक्यात फक्त ते फिरलेले डोळे. शेठ म्हणाले, "एवढा ट्रे संपव आणि जा." अठ्ठेचाळीस जोड होते. शकुनं सोल्युशन लावलं, पंख्याखाली ट्रे ठेवला, सात मिनिटं कशीबशी थांबली. मग बोटाची पाठ लावली. तार सुटली. बारीक, केसासारखी. तिला दिसली.

"झालंय?" दत्तारामनं विचारलं.

"झालंय," असं म्हणून शकु चप्पल अडकवून पळाली.

श्रुतिका चार दिवसांत बरी झाली. बूटही गेले, दुकानात लागले, पोरांच्या पायात गेले. तीन आठवड्यांनी खोकी परत आली. शेठनी बूट जमिनीवर मांडले. एकेकाचा सोल पुढून असा उघडला होता की जणू सगळे काहीतरी विचारताहेत. प्रत्येकाच्या जिभेमागे द.

दत्ताराम उकिडवा बसला, एक बूट उलटा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "माझंच चुकलं शेठ. मीटर अडकत असणार. पाच दाखवत होता, तीनच पडलेत."

शकु दोन हातांच्या अंतरावर उभी होती. हातात ब्रश होता. तोंड उघडलं की नोकरी जाणार, आणि डॉक्टरचे पैसे अजून द्यायचे होते. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही उद्या सांगू म्हणाली. शेठनी दत्तारामला काढलं नव्हतं, पण महिना संपायच्या आत तो स्वतःच निघाला. "हात राहिला नाय माझा," म्हणाला. बोरिवलीला एका सोसायटीत वॉचमन झाला. प्रेस शेठनी शकुला दिली.

त्यानंतर बावीस वर्षं शकुनं त्याच मीटरवर माल दाबला. काटा एकदाही अडकला नाही.

रविवारी ती बोरिवलीच्या काजूपाड्यात दत्तारामच्या खोलीवर पोचली, तेव्हा निम्मं घर गोणपाटात बांधलेलं होतं. दत्ताराम वाळला होता, केस गेले होते, बडबड तेवढीच होती. जानकीवहिनींनी तिला पलंगाच्या उरलेल्या कोपऱ्यावर बसवलं.

"ह्या माणसानं बघ काय काय साठवलंय," वहिनी म्हणाल्या. "वॉचमनची शिट्टी पण गावाला नेतायत. तिथं काय, आंब्यांवर वाजवणार?"

"माकडं येतात आंब्यावर," दत्ताराम म्हणाला. "तुला काय कळतंय. शकु, पोरगी काय करते गो?"

"अंधेरीला ऑफिसात आहे. लग्नाचं बघतोय."

"झकास. आणि प्रेस?"

"भंगारवाला बघून गेला. पुढच्या आठवड्यात नेणार."

वहिनी हसून म्हणाल्या, "प्रेसचं नाव काढू नको. बूट बनवणारा माणूस, पण बावीस वर्षांत घरातल्या एका चपलेला गोंद लावला नाही ह्यांनी. म्हणतात, माझा हात लागला की सुटतं. मी मोच्याकडे जाते."

शकुनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"दादा, तो माल तुमच्यामुळे नाही सुटला. सोल्युशन ओलं होतं. मला माहीत होतं."

खोलीत पंखा फिरत होता. वहिनी ओट्याकडे निघाल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. दत्तारामनं विचारलं ते अगदी कामाच्या आवाजात.

"किती मिनिटं ठेवलंस?"

"सात."

"जुलैत सात?"

"हो."

"बोट लावलं होतंस?"

"लावलं होतं. तार सुटत होती."

"तार सुटत होती," दत्ताराम सावकाश म्हणाला. "म्हणजे वरून साय धरली होती आणि आत ओलं. दाबल्यावर बाहेरून झकास दिसणार. आठवडाभर टिकणार. मग पोरं पळायला लागली की पुढून उघडणार." तो बोटांनी हवेत सोल उघडून दाखवत होता. "बरोबर. पुढूनच उघडले होते. दाब कमी पडला असता तर कडेनं सुटले असते. हे मला तेव्हा कसं दिसलं नाय?"

"मीटर बरोबर होता, दादा. मी त्याच्यावरच काम केलं. कधी अडकला नाही."

"म्हणजे मी पाचवरच दाबलं होतं."

"पाचवरच."

त्यानं मान वळवली. "जानकी, ऐकलंस? मी पाचवरच दाबलं होतं."

"ऐकलं," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज वेगळाच झाला होता. "मी बहिरी नाही."

"तरी पण," दत्ताराम म्हणाला, "मी बोट लावायला हवं होतं. फोन मीच घेतला होता. पोरीची तब्येत मला माहीत होती. अशा वेळी आईच्या 'झालंय'वर विश्वास ठेवायचा नसतो. ती माझी..."

"पुरे," वहिनी म्हणाल्या. "आता परत स्वतःच्या अंगावर घेऊ नका. बावीस वर्षं ह्या घरात तो बूट सुटतोय. हे झोपेत उठून बसायचे. सोसायटीतली पोरं शाळेत निघाली की आधी त्यांच्या पायांकडे बघायचे. आणि तुला माहीत होतं, शकु. एक फोन करायचा होतास."

पहिल्या वर्षी शकुला भीती होती. नंतर भीती गेली आणि लाज आली. त्यानंतर इतका उशीर झाला की उशिराचीच लाज वाटायला लागली. हे सगळं तिनं येताना रिक्षात जुळवलं होतं. त्यातलं फक्त एवढंच तोंडातून आलं, "चुकलं वहिनी. पोरीसाठी घाबरले होते, मग दादांची जागा मिळाली, मग तोंडच उघडेना."

"मी चहा टाकते," वहिनी म्हणाल्या. "पण आज तुझ्याशी बोलणार नाही."

आणि खरंच बोलल्या नाहीत. चहा मात्र आल्याचा होता, आणि बशीत दोन खारी बिस्किटं होती.

निघताना दत्तारामनं पायात चपला सरकवल्या. "सोडून येतो." शकु नको म्हणाली तरी आला. उतारावरून खाली बसस्टॉपपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. फक्त मधे एकदा थांबला, हाताची मूठ करून छातीपाशी धरली आणि दांडी ओढावी तशी खाली ओढली. ओठ हलत होते. शकुनं ओळखलं, तो बारापर्यंत मोजत होता.

स्टॉपवर गर्दी नव्हती. लांबून बस दिसायला लागली, तेव्हा तो म्हणाला, "मला राग येणार आहे तुझा. अजून आला नाय. आता नुसतं हलकं हलकं वाटतंय. पण येईल तो. गावाक गेल्यावर, मोकळा बसलो की येईल. मोठा येईल."

"येऊ दे."

"तेव्हा फोन करीन. शिव्या घालीन. उचलशील?"

"उचलीन, दादा."

"दुपारी करीन. संध्याकाळी तिथं रेंज नसते."

"दुपारी करा," शकु म्हणाली. "आता मी घरीच असणार."